समोरच्याची छाती

माझी पिशवी पेणच्या भर रस्त्यात उलटी केली गेली तो दिवस मी विसरले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही. दोन साड्या, परकर, फणी, माहेरचा एक जुना फोटो, आतले कपडे, सगळं सकाळच्या उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाशी. ज्यानं उलटी केली तो रिकामी पिशवी झटकून झटकून बघत होता. त्याला हवा होता हातभर उंचीच्या गणपतीचा रबराचा साचा. तेवढा साचा माझ्या परकराच्या घडीत कसा मावेल, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी खाली बसून कपडे गोळा करत होते.

"परभणीकडची बाई ठेवली, ही माझी चूक!" तो ओरडत होता. "साचा समोर पोचवला हिनं. चोर हाय, चोर!"

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखाना. पेणमध्ये गणपतीचे कारखाने असे समोरासमोरच असतात. त्या समोरच्या कारखान्यातून मालक बाहेर आले, हाताला रंग, कानामागं कुंचला. माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "उठ गो. चल आत. हितं ऊन लागतं."

त्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि ज्यानं पिशवी उलटी केली तो 'समोरचा' झाला. मला आत घेतल्याची किंमत काकांनी मोजली. "बघा, साचा कुठं गेला ते कळलं ना आता?" असं समोरचा वर्षभर सांगत सुटला आणि काकांचे दोन जुने व्यापारी त्या साली फिरकले नाहीत. काका एवढंच म्हणाले, "मला साचा चोरायची गरज काय? माझी बोटं गेली हायत काय?"

मी खरंच परभणीकडची. सहावीत शाळा सुटली. लग्न करून रोह्याला आले, शेजारच्या वरसे गावात खोली घेतली. नवरा तिथल्या केमिकल कंपनीत कंत्राटदाराकडं शिफ्टमध्ये होता. कंत्राट संपलं तसा सुरतेला जाऊन येतो म्हणाला, आणि आला नाही. मग मी रोह्याहून सकाळच्या गाडीनं पेणला कामाला जाऊ लागले. सीझनला कारखान्याच्या माळ्यावरच राहायची, म्हणून ती पिशवी. माझं काम घासायचं. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची. माझं बोलणं ऐकून बाकीच्या बाया हसायच्या. "ही 'लई' म्हणते गो!" पण डब्यातला मासा मला आधी वाढायच्या. माहेर एक दिवस नि एक रात्र लांब होतं. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी मला आडनाव विचारलं नाही, जातही विचारली नाही. काका मला 'परभणी' म्हणायचे, बस.

आणि काका डोळे काढायचे. घासणं, पांढरा हात देणं, सोवळ्याचा रंग, हे कुणीही शिकतं. डोळे मात्र कारखान्यात एकच माणूस काढतो. बारीक कुंचला, श्वास धरलेला, एक रेघ वर, एक खाली, मग बुबुळ. त्या क्षणापर्यंत समोर नुसता रंगवलेला पुतळा असतो. त्यानंतर आम्ही बाया पदर सावरायचो.

शिमगा झाल्यावर एका सकाळी काका भरलेला साचा उचलताना मध्येच खाली बसले. घाम सुटला, डावा हात धरला. जवळच्या डॉक्टरांनी गॅस सांगितला. मला ते पटलं नाही. मला कशातच लवकर चांगलं दिसत नाही, स्वभावच तसा आहे. काका दुपारी आडवे झाले की छाती हलते की नाही ते मी दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घालून रोह्याला माझ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांच्याकडं ईसीजीची पट्टी काढायचं मशीन होतं. त्यांनी पट्टी बघितली नि हळूच विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

"मी हाय."

"तू कोण?"

काय सांगणार? "घासकामाला हाय," म्हणाले.

मुंबईला जांघेतून नळी घालून तपासणी झाली. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांपैकी दोन तुंबल्या होत्या, एक पुढची, एक मागची. पुढची तर अगदी तोंडाशीच. काकू हॉस्पिटलच्या वासानं चक्कर येऊन बाकावर पडल्या होत्या. तेव्हा मोठ्या डॉक्टरांसमोर काकांच्या शेजारी मीच बसले आणि ते सांगतील ते माझ्या सहावीच्या अक्षरात वहीत लिहीत गेले.

तीन रस्ते होते. पहिला जुना: छातीचं मधलं हाड उभं कापायचं, हृदय थांबवायचं, तेवढा वेळ रक्त फिरवायला मशीन लावायचं, पायाची शीर काढून तुंबलेल्या जागेला वळसा घालायचा. दुसरा नवा: हाड कापायचं, पण हृदय थांबवायचं नाही. ते चालू असताना शिवायचं तेवढीच जागा चिमट्यानं दाबून धरायची. मशीन नाही. तिसरा त्याहून नवा: हाडाला हातच लावायचा नाही. डाव्या छातीखाली, दोन बरगड्यांमधून चार बोटांची चीर, छातीच्या आतलीच एक नळी खाली ओढून पुढच्या नळीला जोडायची. हृदय चालूच.

"परदेशात तर भोकं पाडून, आत कॅमेरा घालूनही करायला लागलेत," डॉक्टर म्हणाले. "इथं अजून नाही."

मी विचारलं, "चार बोटांच्या चिरीनं किती दिवसांत उठतील?"

"हाड कापलेलं नसतं, त्यामुळं लवकर. बरगड्यांत दुखतं मात्र बरंच. आणि हाड कापलं तर तीन महिने वजन उचलायचं नाही, हात ताणायचे नाहीत."

मी वहीत 'लवकर' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

आता खरं काय ते लिहिते. मला तिसरा रस्ता हवा होता तो काकांच्या जिवासाठी नाही. काका आजारी आहेत हे समोरच्याला कळलं होतं. तो दारात उभा राहून माल बघायला आलेल्यांना सांगायचा, "त्यांचं काय खरं नाय हो यंदा. छाती फाडायची हाय. मग हात कसला चालतोय?" ते मला घासताना ऐकू यायचं आणि माझ्या हातातल्या मूर्तीची सोंड झिजायची. मला काका ज्येष्ठाच्या आधी दारात उभे हवे होते, कानामागं कुंचला लावलेले. त्यानं बघायला हवं होतं. मला तेवढंच दिसत होतं.

डॉक्टरांचं एक वाक्यही वहीत होतं. छोट्या चिरीतून फक्त पुढची नळी हाताशी येते, मागची नाही. मागची नंतर फुगा घालून उघडावी लागेल. त्या वाक्याखाली मी रेघ मारली नव्हती.

घरी आल्यावर काकूंना मी तिसराच रस्ता रंगवून सांगितला. काका खाटेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "परभणी, मूर्तीच्या आत काथ्या कसा भरतो आपण?"

"खालच्या भोकातून हात घालून."

"सोंडेपर्यंत हात पोचतो?"

"नाय. म्हणून साचा दोन भाग करून आधीच भरतो."

"मग?" एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला राग आला. माणसाची छाती आणि प्लास्टरची मूर्ती एक असते काय, असं मी काकूंना म्हणाले. वही घेऊन रोह्याला गेले. माझ्या डॉक्टरांनी तरी माझ्या बाजूनं बोलावं, एवढंच हवं होतं.

त्यांनी कागदाच्या पाठीमागं हृदय काढून दाखवलं. "चार बोटांची चीर वाईट नाही. ज्याचं फक्त पुढचं तुंबलंय त्याला ती उत्तमच. यांचं मागचंही तुंबलंय."

"ते फुग्यानं होईल ना नंतर?"

"होईल. फुग्यानं उघडलेलं पुन्हा मिटूही शकतं. म्हणजे परत मुंबई." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुला एवढी घाई कसली आहे? पेशंटची की तुझी?"

मी वहीची कडा दुमडत राहिले.

"हे बघ, कागदावर सगळे रस्ते सोपे दिसतात. ज्याचं झालंय अशा कुणाशी तरी बोला. पेणमध्ये कुणी आहे?"

होता. एकच. दोन वर्षांपूर्वी समोरच्याचंच झालं होतं, जुन्या पद्धतीनं, हाड कापून, मशीन लावून. माझी पिशवी उलटी केली ती त्याच सीझनला, तो नुकताच बरा होऊन कारखान्यात आला होता तेव्हा. तेव्हापासून मे महिन्यातही तो शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावायचा.

मी परत येताना नागोठण्यापर्यंत ठरवलं होतं, सांगायचं नाही. त्याच्यापुढं पदर पसरायचा? चार दिवस मी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी काका नुसते मोरीपर्यंत चालत गेले आणि भिंतीला धरून राहिले. ओठ शाडूसारखे राखाडी. गोळी जिभेखाली ठेवल्यावर रंग परत आला, पण तोवर माझं सगळं गावाकडचं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. हा माणूस गेला तर मला 'आत चल' म्हणणारं जगात कुणी नव्हतं. मी काकूंना म्हणाले, "समोरच्याचं झालंय. त्याला इचारा."

काकू तशाच रस्ता ओलांडून गेल्या. दहा मिनिटांत तो आला. पांढरा शर्ट, सगळी बटणं लावलेली. पडवीत आम्ही सहा बाया घासायला बसलो होतो, काका खाटेवर टेकून. दोन वर्षांत पहिल्यांदा तो आमच्या पायरीवर चढला.

"आत या ना," काकू म्हणाल्या.

मी खुर्ची उचलली आणि पडवीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवली. "आत अंधार हाय. कुठवर कापलंय ते काकांना नीट दिसलं पाहिजे. शर्ट काढा, हितं उजेडात."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "हितं? रस्त्यात?"

"मागं बी उजेडातच बघितलं होतं तुमी. माझं."

बायांचे हात थांबले. काका खाटेवर जरा सरसावून बसले. मला वाटलं होतं ते रागावतील. समोरच्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा काकांच्या ओठांकडं. मग वरच्या बटणाला हात घातला. एकेका बटणाला किती वेळ. मी प्रत्येक बटण बघितलं. खोटं कशाला लिहू, जेवण पुढ्यात यावं तसं मला वाटत होतं.

गळ्याच्या खळग्यापासून बेंबीच्या वर चार बोटांपर्यंत एक जाड, चकचकीत रेघ होती. सायकलवरून पाववाला चालला होता, त्यानं पाय टेकून बघितलं.

"अगो बाय," आमच्यातली एक म्हणाली, "ही तर साच्याची शिवण! घासायची ऱ्हायली."

सगळ्या हसल्या. काकांनी खाटेवरून वाकून कारागिराच्या नजरेनं बघितलं. "सरळ आलीय पण. फिनिशिंग बरं केलंय त्यानं."

"झालं ना?" तो शर्ट ओढत म्हणाला.

"नाय," मी म्हणाले. "पाय दाखवा. शीर पायाची काढतात."

त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. तिथंही रेघ. काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. मी बघितलंच नाही.

मग काकांनी त्याला विचारायला सुरुवात केली आणि तो, बटणं न लावताच, खुर्चीत बसून सांगत गेला. दुखण्यापेक्षा खोकल्याची भीती जास्त. उशी छातीशी धरून खोकायचं. तीन महिने बादलीसुद्धा नाही. पण आता दोन माणसांचा साचा एकटा उचलतो. "मागचं-पुढचं सगळं एकदाच झालं. परत जावं लागलं नाय."

"आणि ते मशीन?" काकांनी विचारलं. "त्याचा काय त्रास?"

"मशीनचा..." तो जरा थांबला. "माझं डोकं जरा हललं. डॉक्टर म्हणाले काहींना होतं, जातं हळूहळू. सगळ्यांना होत नाय. मला झालं. सहा महिने काय कुठं ठेवलं तेच आठवायचं नाय. चष्मा मोरीत, चाव्या रंगाच्या डब्यात. बायको माझ्या मागं..."

मी परत घासायला बसले होते, माझा हात थांबला. पॉलिश पेपर तसाच मूर्तीच्या पोटावर.

"आणि साचा?" मी विचारलं.

त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं.

"साचा कुठं ठेवलावता?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग समोरचा खाली मान घालून म्हणाला, "माळ्यावर. काथ्याच्या पोत्यामागं. मीच ठेवलावता. दिवाळीत सापडला."

"कुठल्या दिवाळीत?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

"त्याच."

"आणि बोलला नायस?"

"काय बोलणार होतो? ती तुमच्याकडं कामाला लागलीवती. सगळं मिटलंवतं."

"माझं नव्हतं मिटलं," मी म्हणाले. "चोर म्हणताना जेवढा आवाज काढलावता, तेवढ्याच आवाजात सांगा. हितंच, रस्त्यात."

तो उठला, बटणं लावायला लागला, खालून वर. "छाती उघडी केलीत ना माझी? आता अजून काय उघडू?" आणि रस्ता ओलांडून गेला.

त्या संध्याकाळी काकांनी मला वही आणायला सांगितली. दुसऱ्या रस्त्यावर बोट ठेवलं. हाड कापायचं, मशीन नाही. "मागं हात पोचला पाहिजे. अर्ध्या हाताचं काम मला नको. पण मशीन नको. डोळे कसे काढायचे ते मला आठवलं पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाले, "तू चार बोटांचा हट्ट कोणासाठी करत होतीस, ते मला ठाऊक हाय. खोटं बोलू नको."

मी वही मिटून पिशवीत घातली. आतून मात्र जळत होते. काकांना मी अर्ध्या कामाकडं ढकलायला निघाले होते, तेही त्या माणसाला दाखवायला. हेही मी त्याच्याच नावावर लिहिलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू, पण आत गेल्यावर गरज पडली तर मशीन लावावं लागेल, त्याची सही द्या. पायाची शीर घ्यायची की हाताची नळी, असं विचारल्यावर काका घाईनं म्हणाले, "हात सोडून कुठूनही घ्या." काकूंनी सही केली, खाली साक्षीला माझी. नात्याच्या रकान्यात काकूंनी मला न विचारता 'मुलगी' लिहिलं. दार मिटल्यावर मी साडेपाच तास बाकावर बसले आणि पॉलिश पेपर धरल्यासारखी बोटं चोळत राहिले. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा रुमाल खाली केला. "मशीन लागलं नाही," म्हणाले. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले तर ते दचकून मागं सरले.

काका पेणला आले ते छातीशी उशी धरून. वजन नाही, हात ताणायचे नाहीत, मोठ्या मूर्तीपुढं उभं राहायचं नाही. ज्येष्ठाच्या आधी दारात काही उभे राहिले नाहीत. आषाढात बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी कुंचला हातात घेतला, हातभर उंचीच्या मूर्ती. मूर्ती मी फिरवून द्यायची, ते नुसतं मनगट हलवायचे. पहिल्या मूर्तीपुढं त्यांनी श्वास धरला तेव्हा माझाही थांबला. एक रेघ वर, एक खाली. बुबुळ. हात हलला नाही. काकू आत जाऊन रडल्या.

समोरचा यायला लागला होता. त्याला आमच्या काकांमध्ये त्याच्या छातीचा जोडीदार सापडला. दोघं बाकावर बसून कुणाची शिवण सरळ, कुठं खाजतं, असं बोलायचे. "तुमची जरा वाकडीच आलीय," तो म्हणायचा. "तुझी पायावरची बघ, दोर सुटल्यासारखी," काका. हसायचे आणि हसता हसता दोघं छातीवर हात धरायचे. काकांनी त्याला माफ केलं. ती त्यांची छाती, त्यांचा अधिकार. मी चहा दोनच कप आणायची, काकांचा आणि काकूंचा.

"अजून राग हाय काय गो?" त्यानं एकदा विचारलंच.

"रस्ता तोच हाय. उभं ऱ्हा नि बोला."

"जोरात बोललं की टाके ओढतात."

दोन वर्षांनी! टाके!

आमच्याकडं डोळे काढून झाले की मूर्तीच्या तोंडावर कागद लावतात. तो घेऊन जाणाऱ्याच्या घरीच सुटतो. कागद लावायचं काम माझं. त्या साली रस्त्याच्या बाजूच्या फळीवरच्या मूर्तींना मी कागद लावले नाहीत. एकेक मूर्ती डोळे होताच उचलायची आणि समोरच्याच्या दाराकडं तोंड करून ठेवायची. पाच झाल्या, बारा झाल्या, श्रावण लागेपर्यंत फळी भरली.

"परभणी, कागद संपले काय?" काकांनी विचारलं.

"संपले."

"कपाटात दोन गठ्ठे हायत."

"ते ओले झाले."

काकांनी फळीकडं बघितलं, मग रस्त्यापलीकडं. पुढची मूर्ती द्यायची खूण केली.

समोरच्यानं आधी खुर्ची फिरवून घेतली. मग दाराला गोणपाट लावलं. गोणपाटानं त्याच्याच रंगकामाला उजेड कमी पडला, तसं काढलं. बाकावर यायचा थांबला. त्याच्याकडच्या बाया हसतात असं आमच्या बायांनी आणून सांगितलं. मी रोज सकाळी फळीवरची धूळ पुसायची, डोळ्यांवरची आधी.

एका सकाळी बाजाराच्या वेळेला तो दारातून बाहेर आला आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. मागून रिक्षा हॉर्न देत होती. त्यानं वरचं बटण सोडलं, जणू आवाज तिथूनच निघणार होता.

"साचा हिनं चोरला नव्हता!" तो ओरडला. बाजाराला चाललेली माणसं थांबली. "माझ्याच माळ्यावर होता!"

आवाज चांगला निघाला होता. टाके काही सुटले नाहीत. तो छातीवर हात धरून माझ्याकडं बघत उभा राहिला, मागं रिक्षावाला शिव्या घालत होता.

मी कपाटातून गठ्ठा काढला, एक कागद घेतला आणि फळीवरच्या पहिल्या मूर्तीच्या तोंडावर लावला. एकच. मग खाली बसून घासायला लागले.

"अगो," काकू म्हणाल्या, "दोन वाक्यं बोलला तो. कागद एकच?"

"दुसरं नीट ऐकू आलं नाय," मी म्हणाले. "परत बोलायला सांगा."